अटलांटिक ओलांडताना : पूर्वेकडे की पश्चिमेकडे?

अटलांटिक महासागर प्रवासी जहाजाने ओलांडायचा असेल, तर जहाज, खोली आणि भाडे यांच्याही आधी दिशा ठरवावी, असे आता आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आमची लेक न्यू जर्सीत राहते. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्याकडील मुक्कामाच्या मध्यात इंग्लंडला जाऊन यायचे ठरले आणि जाणे-येणे दोन्ही ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने केले. जहाज तेच, समुद्र तोच, ऋतूही जवळपास तोच. बदलली ती फक्त दिशा. त्यामुळे दिशेने प्रवासात काय काय बदलते, हे पारखून पाहता आले. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, तेव्हा वारे आणि रेखावृत्ते यांविषयी या लेखात थोडे जास्त येईल.

ब्रुकलिन, निघण्याचा दिवस

ब्रुकलिनच्या रेड हुक भागातल्या धक्क्यावर दुपारी पोचलो. ‘क्वीन मेरी २’ २००४ साली सेवेत आले. त्याची लांबी ३४५ मीटर आहे आणि ते फ्रान्समधील सँ-नझेर येथे बांधले गेले. नियमित अटलांटिक ओलांडणारे आज हे एकच ‘लायनर’, म्हणजे ठरावीक मार्गावर ये-जा करणारे प्रवासी जहाज, उरले आहे. कॅरिबियन समुद्रात हिंडणाऱ्या सहलीच्या जहाजांच्या मानाने त्याचे पोलाद जाड, नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि निमुळते, आणि वेग जास्त. उत्तर अटलांटिकच्या लाटा फोडत जायचे हे त्याचे काम, आणि बांधणीही त्यासाठीच केलेली आहे.

संध्याकाळी जहाज सुटले तेव्हा मॅनहॅटनच्या काचांवर ऊन होते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उजवीकडून मागे सरकला आणि मग व्हेराझानो पूल आला. जहाजाची पाण्यावरची उंची सुमारे ६२ मीटर आणि पुलाखालची मोकळी जागा भरतीच्या वेळी सुमारे ६९ मीटर. जहाजाचा आराखडाच हा पूल लक्षात घेऊन केला गेला. डेकवर उभे राहिल्यावर चिमणी पुलाला टेकणारच असे वाटते आणि शेकडो माणसे एकदम गप्प होतात. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवासाचा सर्वांत देखणा प्रसंग असा पहिल्याच संध्याकाळी येऊन जातो. त्यापुढे सातव्या रात्रीनंतर साउदॅम्प्टन उजाडेपर्यंत केवळ समुद्र.

पूर्वेकडे, दुसरा आणि तिसरा दिवस

रोज दुपारी बारा वाजता कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे अक्षांश-रेखांश, वारा, समुद्राची स्थिती आणि पाण्याची खोली सांगतात. पूर्वेकडे जाताना त्या घोषणेनंतर लगेच घड्याळे एक तास पुढे करायची असतात. बाराचा एक वाजतो. न्यूयॉर्क आणि इंग्लंड यांच्यात पाच तासांचा फरक आहे, म्हणून सात रात्रींच्या प्रवासात पाच दिवस २३ तासांचे होतात. हा बदल मध्यरात्री न करता भर दुपारी करतात, ते प्रवाशांची झोप मोडू नये म्हणून. तरीही शरीराला फसवता येत नाही. रात्री अकराला अंथरुणावर पडावे, तर शरीराच्या लेखी दहाच वाजलेले असतात, आणि सकाळी सातला उठावे तर सहाच. पहिले दोन दिवस हे जाणवत नाही. चौथ्या दिवसापासून सकाळच्या न्याहारीची वेळ आमच्या हातून निसटू लागली, आणि भोजनगृहात पाहिले तर बहुतेकांची तीच अवस्था होती.

पूर्वेकडच्या प्रवासाचे मोठे सुख म्हणजे वारा. उत्तर अटलांटिकच्या या पट्ट्यात पश्चिमी वारे वाहतात. जहाज सुमारे २१ नॉट (ताशी सुमारे ३९ किलोमीटर) वेगाने पूर्वेला चालले होते आणि मागून २५ नॉटचा वारा होता, म्हणजे डेकवर उभ्या माणसाला जाणवणारा वारा ताशी सात-आठ किलोमीटरच. बाहेर पांढऱ्या फेसाच्या रेघा धावत होत्या आणि आम्ही मात्र लाकडी आरामखुर्चीत पांघरूण घेऊन निवांत वाचत बसलो होतो. सातव्या मजल्यावरचा डेक जहाजाला संपूर्ण वळसा घालतो. तीन फेऱ्या म्हणजे सुमारे पावणेदोन किलोमीटर चालणे. पूर्वेकडे जाताना आमची सकाळ-संध्याकाळची फेरी कधी चुकली नाही.

खोली निवडताना हे लक्षात ठेवावे : पूर्वेकडे जाताना दक्षिण उजव्या हाताला येते, त्यामुळे ऊन हवे असेल तर उजव्या बाजूची खोली घ्यावी. पश्चिमेकडे जाताना हेच उलट होते.

ग्रँड बँकचे धुके

न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला ग्रँड बँक हा उथळ समुद्राचा पट्टा आहे. उत्तरेकडून येणारा थंड लॅब्रॅडोर प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा उष्ण गल्फ प्रवाह इथे भेटतात; त्यामुळे मासे मुबलक आणि धुके दाट, हे वाक्य मी कितीतरी वर्गांना पाठ करायला लावले होते. ते धुके आता प्रत्यक्ष पाहिले. न्याहारी करताना खिडकीबाहेर क्षितिज होते, चहा संपेपर्यंत ते नाहीसे झाले, आणि मग डेकचा कठडासुद्धा ओलसर पांढऱ्या पडद्याआड गेला. धुक्यात चालत्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ भोंगा द्यावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. या जहाजावर १९३० च्या दशकातल्या मूळ ‘क्वीन मेरी’चा एक भोंगाही बसवलेला आहे. दिवसभर तो खर्ज आवाज छातीत घुमत राहिला.

त्याच दिवशी कप्तानांनी सांगितले, की ‘टायटॅनिक’ बुडाले ती जागा आता फार दूर नाही. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालेले ते जहाज तिथे सुमारे ३,८०० मीटर खोल पडलेले आहे. ते मात्र पश्चिमेकडे निघाले होते. त्या अपघातानंतर १९१४ मध्ये हिमनगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, आणि तिने आखलेल्या सीमेच्या दक्षिणेकडून जहाजे आपला मार्ग ठेवतात. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला हिमनग खाली येतात, म्हणून त्या महिन्यांत मार्ग थोडा दक्षिणेला झुकतो. ही काळजी दोन्ही दिशांना सारखीच घेतली जाते, तेव्हा हिमनगांच्या भीतीने दिशा निवडण्याचे कारण नाही.

पूर्वेकडे, शेवटचे दिवस

आमच्या टेबलावर वाढणारा तरुण गोव्याच्या सासष्टीतला होता. आम्ही मराठीत बोलायचो, तो कोंकणीत उत्तर द्यायचा, आणि कोणाचे काही अडायचे नाही. त्याचे आजोबाही जहाजावर होते. दोन बोटींच्या मधल्या काळात ते मुंबईला धोबीतलावच्या आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहात, राहत. गोव्यातल्या खलाशांच्या कितीतरी पिढ्या अशा कुडींच्या आधाराने समुद्रावर गेल्या आहेत. दिशेविषयी त्याचे मत ठाम होते. “आंटी, पूर्वेला जाताना आमचा रोज एक तास जातो, पण काम तेवढेच असते. पश्चिमेला जाताना तो तास परत मिळतो, म्हणून सगळ्यांचे चेहरे तेव्हा बघा,” असे तो म्हणाला, आणि परतीच्या प्रवासात मी खरोखर चेहरे बघितले.

शाकाहारी माणसाने आरक्षणाच्या वेळीच भारतीय शाकाहारी जेवण हवे असे कळवून ठेवावे. आम्ही ते केले होते आणि डाळ, भात, भाज्या यांची कधी वाण पडली नाही. दुपारचा चहा पांढरे हातमोजे घातलेले वाढपी घेऊन येतात, सोबत स्कोन, साय आणि जॅम. रात्रीच्या औपचारिक जेवणाला पोशाखाचा नियम कडक आहे; पैठणी आणि बंद गळ्याचा कोट यांना तिथे मान आहे.

साउदॅम्प्टन

पहाटे जहाज साउदॅम्प्टनच्या तोंडाशी असलेल्या सोलंट सामुद्रधुनीच्या शांत पाण्यात शिरले आणि आवाज न करता धक्क्याला लागले. न्यूयॉर्कच्या निघण्यात जो दिमाख होता तो या येण्यात नाही. साउदॅम्प्टन शहर मात्र थांबून पाहण्याजोगे आहे. मध्ययुगीन तटबंदीचा बराच भाग अजून उभा आहे. ‘मेफ्लॉवर’ १६२० मध्ये आणि ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये इथूनच निघाले. ‘टायटॅनिक’च्या अभियंत्यांचे स्मारक १९१४ मध्ये इथल्या बागेत उभारले गेले, आणि त्यासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. दिवे चालू राहावेत म्हणून तळघरातल्या यंत्रांपाशी राहिलेली ती माणसे, त्यांतला एकही परतला नाही. पुढचे इंग्लंडमधले दिवस वेगळ्या लेखाचा विषय आहेत.

भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी एवढे पाहावे, की इंग्लंडचा पर्यटक व्हिसा आणि अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हे दोन्ही हाती असल्याशिवाय असा जाऊन-येऊन प्रवास आखू नये. पश्चिमेकडे निघताना अमेरिकेचा व्हिसा साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरच तपासतात.

पश्चिमेकडे, पहिले दोन दिवस

इंग्लिश खाडी ओलांडून सिली बेटांजवळच्या बिशप रॉक दीपगृहाच्या बाजूने जहाज उघड्या अटलांटिकमध्ये शिरते. सर्वांत वेगवान जहाजाला मिळणाऱ्या ‘ब्लू रिबँड’ या मानासाठी वेळ मोजायची ती याच दीपगृहापासून न्यूयॉर्कबाहेरच्या अँब्रोज दीपनौकेपर्यंत. हा मान परंपरेने पश्चिमेकडच्या प्रवासालाच दिला जातो, कारण तिकडे जाताना वारा आणि प्रवाह दोन्ही विरोधात असतात. १९५२ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या जहाजाने पूर्वेकडे ३ दिवस १० तास ४० मिनिटे आणि पश्चिमेकडे ३ दिवस १२ तास १२ मिनिटे असा विक्रम केला. तेच जहाज, तीच यंत्रे, आणि तरी दीड तासाचा फरक पडला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला त्या विरोधाचा अनुभव आला. समोरून २५ नॉटचा वारा आणि त्यात जहाजाचा २१ नॉटचा वेग मिळून डेकवर ताशी ८५ किलोमीटरचा झोत वाहत होता. पुढचे डेक दोऱ्या लावून बंद केले. पूर्वेकडे जाताना जिथे पांघरूण घेऊन वाचत बसलो होतो, तिथे दार उघडायलाच दोन माणसे लागली. लाटाही समोरून येत असल्याने जहाज पुढे-मागे झुलत होते. जहाजाच्या कुशीतून बाहेर येणारे पंख डावी-उजवीकडचे कलणे पुष्कळ कमी करतात, पण या पुढच्या-मागच्या झुलण्यावर त्यांचा इलाज चालत नाही. ते झुलणे दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यभागी सर्वांत कमी, अगदी जत्रेतल्या नावेच्या पाळण्यासारखे. म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्याने खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. या जहाजात खालच्या मजल्यांवर पोलादी भिंतीत कोरलेल्या बाल्कन्या आहेत. वाऱ्यापासून आडोसा असल्याने त्या तशा दिवशीही वापरता येतात. माझ्या पतींना थोडी मळमळ झाली तेव्हा आले आणि हिरवे सफरचंद यांनी आराम पडला. जहाजावर हा उपाय सगळे सांगतात.

पश्चिमेकडे, पुढचे दिवस

वाऱ्याने जे घेतले ते घड्याळाने भरून दिले. पश्चिमेकडे जाताना घड्याळे पहाटे दोन वाजता एक तास मागे जातात आणि दिवस २५ तासांचा होतो. रोज सकाळी कोणतीही घाई न करता उठावे आणि घड्याळात पाहावे तर अजून सहाही वाजलेले नसावेत, हे सुख आम्हा दोघांना फार आवडले. ज्यांना रात्रीचे कार्यक्रम पाहायचे असतात त्यांना याची एक अडचण वाटेल, कारण रात्री नऊलाच डोळे मिटू लागतात. पहाटे उठणाऱ्या माणसाला मात्र ही दिशा मानवते. डेकवरचा वारा उतरल्यावर पहाटे पाचच्या फेरीत आम्हाला नेहमी भेटायची ती कुत्र्यांना फिरवणारी माणसे. या जहाजावर कुत्र्या-मांजरांसाठी खास निवास आहे, आणि तिथल्या मोकळ्या जागेत एक इंग्रजी दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन पाण्याचा नळखांब शेजारी शेजारी उभे केले आहेत, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांच्या कुत्र्यांची सोय व्हावी. एक वयस्कर बाई आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. विमानाच्या सामानकक्षात त्याला ठेवायचे नाही, एवढ्यासाठी त्यांनी या जागेची फार आधीपासून वाट पाहिली होती.

जेवणाच्या टेबलावर लीड्सचे एक जोडपे होते. ते शरद ऋतूत भूमध्य समुद्रातून फ्लोरिडाकडे जाणाऱ्या जहाजांनी प्रवास करतात. ऋतू बदलताना सहलीची जहाजे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवावी लागतात : एप्रिल-मेमध्ये पूर्वेकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडे. जहाज रिकामे नेण्यापेक्षा बरे म्हणून त्यांचे भाडे रात्रीच्या हिशेबाने कमी असते. वाटेत मदेरा, कॅनरी किंवा अझोर बेटे लागतात आणि मग समुद्राचे सलग दिवस. त्यांच्या बोलण्यातून मला जे सर्वांत मोलाचे कळले ते हे, की पश्चिमेकडे म्हणजे समोरचा वारा हा नियम फक्त उत्तरेच्या मार्गाला लागू आहे. दक्षिणेकडच्या मार्गावर ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, आणि तिथे पश्चिमेला जाणाऱ्याच्याच पाठीशी वारा असतो. कोलंबसाने १४९२ मध्ये कॅनरी बेटांपासून याच वाऱ्यावर शिडे उभारली आणि परतताना उत्तरेला चढून पश्चिमी वाऱ्यांवर अझोर गाठले. फळ्यावर मी हे दोन बाण शेकडो वेळा काढले होते. एका जोडप्याच्या सुट्टीचे गणित त्यांवर चालते हे मात्र कधी मनात आले नव्हते. घड्याळ मात्र कोणत्याही अक्षवृत्तावर पश्चिमेच्याच बाजूने असते.

भारतातून निघणाऱ्यांसाठी यात आणखी एक हिशेब आहे. उन्हाळ्यात मुंबई आणि न्यूयॉर्क यांत साडेनऊ तासांचे अंतर पडते, मुंबई आणि लंडन यांत साडेचार तासांचे. लंडनपर्यंत विमानाने जाऊन तिथून जहाज घेतले, तर उरलेले पाच तास रोज एकेक करून, झोप वाढवत अंगवळणी पडतात आणि अमेरिकेत माणूस ताजातवाना उतरतो. परतताना जहाज घेतले तर झोपेची ओढाताण होते, पण भारतात पोचल्यावर होणारा त्रास निम्म्यावर येतो. ज्यांना अमेरिकेत उतरताच नातवंडे सांभाळायची आहेत त्यांनी पश्चिमेकडची दिशा घ्यावी.

ग्रंथालयातली एक दुपार

जहाजाच्या पुढच्या टोकाला मोठे ग्रंथालय आहे. तिथे बसले असता आधी या पाण्यावरून गेलेली आपली माणसे आठवली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. वैद्यकीय पदवी घेऊन १८८६ मध्ये त्या गोपाळरावांसह पूर्वेकडे परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पुढे, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. आनंदीबाईंचा अटलांटिकवरचा शेवटचा प्रवास असा पश्चिमेकडचा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ मध्ये इथूनच पूर्वेकडे, लंडनला गेले. त्यांच्या काळात दिशा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्यापुढे तो आहे, हे केवढे भाग्य.

न्यूयॉर्क, पोचण्याचा दिवस

शेवटच्या रात्री कोणी सांगितले नाही तरी साडेतीनचा गजर लावावा. काळोखात क्षितिजावर दिव्यांची एक रेघ दिसते, ती म्हणजे व्हेराझानो पूल. १९६४ मध्ये खुला झालेला हा पूल निघतानाही पाहिला होता, पण समुद्रात सलग दिवस काढल्यावर त्याखालून आत येणे काही वेगळेच आहे. पलीकडे पुतळ्याची मशाल, मागे उजळत जाणारे मॅनहॅटन. आनंदीबाई आल्या तेव्हा हा पुतळा इथे नव्हता. तो १८८६ च्या ऑक्टोबरात उभा राहिला. पश्चिमेकडच्या प्रवासाने आपले सर्वांत मोठे दान शेवटापर्यंत राखून ठेवलेले असते, आणि केवळ या एका पहाटेसाठी मी पहिल्यांदा जाणाऱ्याला पश्चिमेकडेच जा असे सांगेन.

उतरताना सामान स्वतः नेणाऱ्यांना आधी सोडतात, तेव्हा घाई असेल तर बॅगा कमी ठेवाव्यात. प्रवेश-तपासणीची रांग सकाळी आठनंतर लांबते. रेड हुकमधून भुयारी रेल्वेचे स्थानक जवळ नाही. गाडी आधीच ठरवून ठेवावी.

पुढच्या खेपेला आम्ही नोव्हेंबरातला दक्षिणेकडचा मार्ग घेणार आहोत, पश्चिमेकडचाच. पाठीशी व्यापारी वारे आणि रोजच्या झोपेत वाढ, असे दोन्ही तिथे एकत्र मिळते. ऊन मात्र तिथे जास्त असते, म्हणून या वेळी जी डावीकडची खोली घेतली होती ती सोडून उजवीकडची, उत्तरेला तोंड असलेली घ्यायची असे ठरले आहे.